सवाल पलीकडचे, जाब अलीकडचे

आजच्या या कार्यक्रमाच्या अध्यक्ष, आपल्या गावच्या सरपंच माननीय श्रियाताई. व्यासपीठावर बसलेले आपले वैद्यकीय अधिकारी डॉक्टर गंधार. ग्रामपंचायतीचे सन्माननीय सदस्य. माझ्या आशाताई, अंगणवाडीताई. खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातून भरती साधून तरीने आलेली मंडळी. तांडेलवाडीतल्या माझ्या आयाबहिणी. आणि मागे दाराशी उभे असलेले, ज्यांना मी लहानपणी सुई टोचून रडवलं असे सगळे तरुण,

आपणा सर्वांना शर्मिष्ठा गावडे, म्हणजे तुमची नर्सबाई, हात जोडून नमस्कार करते.

श्रियाताईंनी माझ्याबद्दल फार बोलून ठेवलं. एवढं ऐकल्यावर माणसाने खाली बसावं, पण रीत अशी की निरोप घेणाऱ्याने चार शब्द बोलावेत. मला चार शब्दांची सवय नाही. उपकेंद्रात मी दोनच बोलत आले: 'जीभ दाखव.' आज मात्र मला थोडं जास्त बोलायचं आहे, आणि ते लसीबद्दल नाही.

मी आंबोलीची. तिकडे धुकं दारातून आत येतं आणि शेजाऱ्याचं घर चार-चार दिवस दिसत नाही. एकटेपणाची भीती मला वाटायला नको होती. पण सव्वीस वर्षांपूर्वी एक ट्रंक घेऊन या गावात उतरले तेव्हा माझे यजमान जाऊन दीड वर्ष झालं होतं, मूलबाळ नव्हतं, आणि उपकेंद्रामागच्या त्या दोन खोल्यांत संध्याकाळी पाच वाजता दार लावलं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझ्याशी बोलणारं कोणी नसे. दिवसभर मी घराघरांत जायची. सगळे बोलत, पण ते माझ्या पिशवीशी बोलत. 'गोळी आसा काय?' 'सुई कधी मारतलंस?' माणसाला माणूस म्हणून कोणी काही विचारणं किती मोठी गोष्ट असते, हे तेव्हा मला कळायला लागलं.

आणि अशा वेळी मला पहिल्यांदा ते गाणं ऐकू आलं.

इथल्या जुन्या माणसांना मी काय सांगणार? पण डॉक्टर नवीन आहेत, आणि मागे उभ्या असलेल्या मुलांनाही बहुतेक ठाऊक नसेल, म्हणून सांगते. आपल्या गावात हळदीला सवाल-जाब म्हणायची रीत होती. मोहल्ल्यात लग्न असलं की नवरीला सवाल मोहल्ल्यातल्या बायका घालायच्या. पण जाब कोणी द्यायचा? मोहल्ल्यात सगळेच एकमेकांचे सोयरे. आपल्याच मावशीला आणि आत्याला उलटं उत्तर कसं द्यायचं? त्यासाठी कोणी परकं हवं. म्हणून तांडेलवाडीच्या बायका तरीने पलीकडे जायच्या आणि जाब द्यायच्या. तांडेलवाडीत हळद असली तरीही सवाल मोहल्ल्याचे आणि जाब वाडीचेच, फक्त खाडी ओलांडणारी होडी, आपली तर, उलट्या दिशेने भरायची. कोणी ठरवलं, कधी ठरवलं, कोणालाच माहीत नाही. पलीकडच्या बायका बसून, पालथ्या टोपावर ठेका धरून म्हणायच्या. त्यांचा शेवटचा सूर लांब जायचा, खाडीवरून हाक मारल्यासारखा. अलीकडच्या बायका उभ्या राहून, कमरेला हात लावून म्हणायच्या. त्यांचा सूर तुटक, वल्हं मारल्यासारखा. दोन्ही एकत्र ऐकले की वाटायचं, कोणीतरी बोलावतंय आणि कोणीतरी येतंय.

मी आले तेव्हा यातल्या दोनच बायका उरल्या होत्या. सवालाला पलीकडची हमिदाबी, जाबाला अलीकडची सीताकाकी. बाकीच्यांच्या मुली मुंबईला, कुवेतला, पुण्याला. हळदीला स्पीकर येत होते. पण या दोघींना बोलावल्याशिवाय हळद पुरी झाल्यासारखी वाटत नसे.

हमिदाबी विचारायची,

'व्हकले, व्हकले, म्हायार खंय गो तुजा?'

व्हकल म्हणजे नवरी; तुझं माहेर कुठे, हा सवाल. सीताकाकी नवरीच्या वतीने जाब द्यायची,

'माडाच्या सावळेत, होडयेच्या वल्ह्यात, थंय म्हायार माजा.'

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी पिशवी घेऊन एका हळदीच्या दाराशी उभी होते. मलाही कोणी असं विचारावं, असं त्या दिवशी मला फार वाटलं. हे आज पहिल्यांदाच बोलते आहे.

सीताकाकीने ते ओळखलं असावं. ती मासे विकून परतताना माझ्या दारात थांबायची. चार सुंगटं, म्हणजे कोळंबी, पानात बांधून द्यायची आणि म्हणायची, 'गो घाटावरच्या, एकट्यान शिजवन एकट्यानच खातंस, चव तरी लागता काय?' मी हसायची. मग तीच आत येऊन बसायची, मला जेवताना बघत. बोलायची फार. मोहल्ल्यात काय झालं, हमिदाने कोणाला काय सुनावलं. त्या दोघींची मैत्री होती असं कोणी म्हटलं तर दोघीही नाक मुरडायच्या. हमिदाबी म्हणायची, 'मैत्री कसली? ती माका उलट उत्तरां देता, पन्नास वर्षां.'

दहा वर्षांपूर्वी, मार्गशीर्षातल्या एका सकाळी, माशांची टोपली उचलताना सीताकाकी कोसळली. पक्षाघात. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. जीव वाचला. पण जिच्या तोंडाला कुलूप नव्हतं ती बाई 'बा... बा...' यापलीकडे काही बोलू शकेना. तहान लागली तरी 'बा', कूस बदलायची तरी 'बा'. तिचा मुलगा लवू, जो आज इथे बसला आहे, तिला उचलून उन्हात ठेवायचा. सून प्राजक्ता एकवीस वर्षांची, लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. तिने जे केलं ते मी माझ्या नोकरीतसुद्धा फार कमी ठिकाणी पाहिलं.

महिन्याभराने हमिदाबी तरीने भेटायला आली. मी रक्तदाब तपासायला गेले होते, म्हणून हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं. ती बाजल्याशेजारी बसली. काय बोलावं तिला कळेना. सीताकाकी 'बा, बा' करत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. मग हमिदाबीने शेजारचा टोप पालथा घातला, ठेका धरला आणि हळूच म्हणाली,

'व्हकले, व्हकले, म्हायार खंय गो तुजा?'

आणि सीताकाकी गायली. स्वच्छ, एकही अक्षर न गाळता. माडाच्या सावळेत, होडयेच्या वल्ह्यात, थंय म्हायार माजा.

प्राजक्ताच्या हातातलं भांडं पडलं. लवू बाहेरून धावत आला. त्याला वाटलं, आई बोलायला लागली. 'आये, माका हाक मार,' तो म्हणाला. सीताकाकीने त्याच्याकडे बघितलं, ओठ हलवले आणि म्हणाली, 'बा.'

डॉक्टर इथे आहेत, चुकलं तर सांभाळून घेतील. मला नंतर असं सांगण्यात आलं की बोलणं आणि गाणं मेंदूत एका जागी नसतं. बोलण्याची जागा गेली तरी गाण्याची कधीकधी शिल्लक राहते. असेल. मला एवढंच दिसलं की एका बाईकडे आयुष्यभराच्या शब्दांपैकी फक्त जाब उरले होते, आणि ते एकाच माणसाने विचारल्यावर बाहेर येत होते.

त्यानंतर हमिदाबी एक दिवसाआड यायला लागली. सत्तरीला आलेली बाई, गुडघे दुखणारी, तरीत चढताना तारी नुरुद्दीन तिला हात द्यायचा. तासभर दोघी म्हणायच्या. मी लसीकरणाच्या जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर जाब लिहून घ्यायला लागले. सरकारी कागद होता, हे आज अधिकाऱ्यांसमोर कबूल करते.

आता मी जे सांगणार आहे ते माझ्या सत्कारात बसत नाही. पण ते वगळून निरोप घेतला तर तो खोटा होईल.

गाणं म्हटल्यावर सीताकाकी रडायची. दर वेळी. एकदा मी रक्तदाब बघितला तर तो खूप वर गेलेला. लवू घाबरला. मला म्हणाला, 'बाय, ह्या गाण्यान आयेक तरास तर होणा नाय मां?' मी नर्स. मला आकडा दिसत होता. मी म्हटलं, काही दिवस गाणं बंद ठेवूया. आणि हमिदाबीला मी स्वतः जाऊन सांगायला हवं होतं, ते केलं नाही. पावसाचे दिवस, मलेरियाची पाहणी चालू. तरीच्या धक्क्यावर नुरुद्दीनला गाठलं आणि सांगितलं, 'हमिदाबींना म्हणावं, सध्या येऊ नका.' एवढंच. का, ते सांगितलं नाही.

ती आली नाही. आषाढ, श्रावण, भादवा, आश्विन. चार महिने.

रक्तदाब उतरला नाही. उतरली ती सीताकाकी. तिचं 'बा' बंद झालं. जेवण अर्ध्यावर आलं. मी जायची, पट्टा बांधायची, आकडा लिहायची. ती माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. आश्विनात एकदा मी पट्टा सोडत होते, तर टकटक ऐकू आली. तिचा डावा हात बाजल्याच्या लाकडावर चालला होता. तोच ठेका. ती थांबायची, दाराकडे बघायची, आणि परत ठेका धरायची.

प्राजक्ता चुलीजवळून म्हणाली, 'रोज असाच करतत. महिनो झालो. माका वाटला, हात चालता ता बरा आसा.'

ती सवालाची वाट बघत होती. ठेका तिला धरता येत होता, पण सवाल घालायचा तिचा रिवाज नव्हता. तो पलीकडून यायचा. आणि तो मी बंद केला होता.

मी पिशवी तिथेच टाकली आणि तरीने पलीकडे गेले. हमिदाबी घरापुढे जाळ्यावर सुकं वाळत घालत होती. मला बघून तिने 'बस' म्हटलं नाही. मी उभ्यानेच म्हटलं, 'हमिदाबी, चला. ती वाट बघते आहे.'

तिने मासा उलटला, दुसरा उलटला. मग म्हणाली, 'निरोप इलो तेवां माका वाटला, लवूक मी नको झालंय. आता लोक बदललेत, पोर पण बदललो असात. चार महिने माका ह्याच वाटला, बाय. नमाजाक बसलंय तरी ह्याच.'

'लवूने काही म्हटलं नाही,' मी म्हणाले. 'बंद मी केलं. कारणही मी सांगितलं नाही.'

'कित्याक?'

घाई होती, म्हणायचं का? तिने हात धुतले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, 'नुरुद्दीनाक हाक मार. पाणी उतरान सुकती लागली की होडी चिखलात बसतली.'

सीताकाकीच्या बाजल्याशी ती बसली, पण ठरलेला सवाल घातला नाही. त्याच चालीवर तिने स्वतःचा सवाल जोडला:

'सीते, सीते, रागावलंस काय गो?'

असा सवाल गाण्यात नाही. त्याला जाबही नाही. सीताकाकीचे ओठ थरथरले. तिने शोधलं, मी बघत होते, ती आत कुठेतरी शोधत होती. आणि जे हातात होतं ते तिने दिलं:

'रडूक नाय मी गो, खारो वारो डोळ्यांक लागलो.'

ही नवरीची सासरी निघतानाची ओळ आहे. डॉक्टर म्हणतील, ती सवयीने आली. असेल. हमिदाबीने मात्र तिचा डावा हात दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

पुढे दोन वर्षं हेच त्यांचं बोलणं. हमिदाबी काहीही विचारायची, गुडघ्याचं, नातवंडांचं, बाजाराचं. सीताकाकी नवरीच्या जाबांमधून एक निवडून द्यायची. कधी जुळायचा, कधी जुळायचा नाही. न जुळला की दोघी हसायच्या. सीताकाकी गेली तेव्हा हमिदाबी पुढच्या अंगणात, खळ्यात बसून होती. तिने त्या दिवशी काही म्हटलं नाही. सवाल घातला असता तर जाब आला नसता, आणि ते तिला सगळ्यांसमोर नको असावं.

करोनाच्या आदल्या वर्षी हमिदाबीच्या नातीचं, अर्शियाचं लग्न ठरलं. हमिदाबी माझ्या दाराशी आली. 'तू लिवन घेतलंस मां? मग तूच जाब दी.' मी म्हटलं, 'मला गाता येत नाही.' ती म्हणाली, 'माका म्हायत आसा. तरी दी.' पंधरा दिवस तिने मला शिकवलं. 'तुजो आवाज सुईसारखो,' म्हणायची, 'टोचता.' मी प्राजक्तालाही विचारलं. त्या घरात तिने ते सतत ऐकलं होतं. ती म्हणाली, 'बाय, माका त्या गाण्यात वडू नका. ता ऐकला की माका बाजला दिसता.' मी पुन्हा विचारलं नाही.

हळदीच्या दिवशी मोहल्ल्यात मांडवभर माणसं होती. हमिदाबीने टोपावर ठेका धरला. पहिला जाब मी दिला, दुसरा दिला. तिसरा सवाल आला, 'व्हकले, व्हकले, परत कधी येतलंस गो?' आणि माझ्या डोक्यातून सगळं पुसलं गेलं. रजिस्टर घरी राहिलं होतं. हमिदाबीने सवाल परत घातला. माझ्याकडे बघत होती, मग माझ्यामागे रिकाम्या जागेकडे बघितलं, जिथे वाडीच्या बायका उभ्या राहायच्या. आणि मग तिने स्वतःच जाब दिला. आयुष्यात पहिल्यांदा, तो तुटक सूर लावून, बसल्या बसल्या:

'भरती येतली, सुकती जातली, तेवां मी येतलंय.'

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, गाणं असंच असतं. पुढचे सगळे सवाल आणि सगळे जाब तिने एकटीने म्हटले. मी तिच्याशेजारी उभी होते, पण तिच्यासोबत नव्हते. मांडवात एवढी माणसं असताना इतकं एकटं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

नंतर तिच्या मुलाने, फैसलने, तिला मुंब्र्याला नेलं. गेल्या वर्षी ती तिथेच वारली. अर्शियाचा मला फोन आला होता. म्हणाली, 'नर्सबाई, शेवटच्या आठवड्यात दादी काहीतरी विचारत राहायची. व्हकले, व्हकले करून. आम्ही म्हणायचो, दादी, पाणी हवं का? पाय चेपू का? ती मान हलवायची आणि पुन्हा तेच. त्याला काय उत्तर द्यायचं असतं?' मी तिला जाब सांगितले. तिने एकेक ओळ लिहून घेतली, मध्येच थांबली, आणि म्हणाली, 'हे आधी माहीत असतं तर.' माझ्या दोन खोल्यांत फोन ठेवल्यावर फार शांत झालं.

मंडळी, लोककला टिकली पाहिजे, असं आपण व्यासपीठावरून नेहमी म्हणतो. श्रियाताईंनीही आत्ता म्हटलं, आणि त्यांचा हेतू चांगलाच आहे. पण टिकणं म्हणजे काय? दादीच्या तोंडून ऐकून अर्शियाने लिहून ठेवलेले सवाल आज मुंब्र्यात तिच्या वहीत आहेत, त्यांची प्रत तिने मला पाठवली. जाब माझ्या रजिस्टरमध्ये. दोन्हींची झेरॉक्स काढून वाचनालयात ठेवता येईल, मी ठेवलीही आहे. पण ते गाणं होतं का?

शेवटची गोष्ट सांगते आणि थांबते. गेल्या मंगळवारी मी प्राजक्ताच्या तान्ह्या मुलीला तिसरा डोस द्यायला गेले. या गावातली माझी शेवटची सुई. खळ्यात पाऊल टाकलं आणि आतून आवाज आला. प्राजक्ता मुलीला पायांवर घेऊन निजवत होती आणि म्हणत होती, रडूक नाय मी गो, खारो वारो डोळ्यांक लागलो. भरती येतली, सुकती जातली. सगळे जाब, एकामागून एक, एकही सवाल मध्ये न येता. चालही बदललेली, हळू, झोके घेणारी. तिला माहीतसुद्धा नसावं की आपण काय म्हणतोय. जे तिला नको होतं ते तिच्या तोंडात कधी बसलं, कोण जाणे.

मला वाटलं, उंबऱ्यातून एक सवाल घालावा. ओठांवर आला होता. पण मी घातला नाही. एकदा मी नको तिथे बंद केलं होतं, आता नको तिथे सुरू करायचं धाडस झालं नाही. पोर झोपेपर्यंत मी उन्हात उभी राहिले. मग खाकरले आणि आत गेले.

प्राजक्ता तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिला कोणी उठून म्हणायला सांगू नका, तिचा सत्कार ठरवू नका. तिच्या घरावरून जाताना कधी ऐकू आलंच तर दोन मिनिटं थांबा, एवढीच विनंती. आणि प्राजक्ता, तुला न विचारता तुझ्या घरातलं चारचौघांत बोलले, ते पोटात घाल.

उद्या सकाळच्या गाडीने मी वर आंबोलीला जाते. आपण दिलेली शाल आणि हा नारळ मी जपेन. ग्रामपंचायतीचे, डॉक्टरांचे, ज्यांनी सतरंज्या घातल्या आणि चहा केला त्या मुलांचे, आणि सव्वीस वर्षं मला घराघरांत घेणाऱ्या अलीकडच्या, पलीकडच्या सगळ्या दारांचे मी मनापासून आभार मानते. माझ्या हातून कोणाला सुई जास्त लागली असेल, कोणाला मी घाईत तुटक बोलले असेन, कोणाचा निरोप अर्धाच पोचवला असेल, तर परकी घाटावरची बाई म्हणून नाही, तुमच्यातली समजून मला माफ करा.

येते मी.